दुकानाच्या नावाची बंदूक

583 म्हणजे हाय स्टँडर्ड. 273 म्हणजे विंचेस्टर. 101 सॅव्हेज-स्टीव्हन्स, 103 मार्लिन. हे पाढे मी वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी पाठ केले, तेही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, बंदूक दुरुस्तीच्या एका दुकानात, डोळ्याला भिंग लावून. नळीवर 'सिअर्स, रोबक अँड कंपनी' असं उमटवलेलं असतं आणि जवळच एक आकडा असतो: 583, मग टिंब, मग पुढचे आकडे. टिंबाच्या आधीचे तीन आकडे ती बंदूक कोणत्या कारखान्यात झाली ते सांगतात. गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं. आजोबांची बंदूक 'सिअर्सची' आहे एवढंच तो सांगतो. ती सिअर्सने मात्र बनवलेली नसते.

मी मूळचा राजापूर तालुक्यातला. आयटीआय करून पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये वीसएक वर्षं काढली. बहीण अमेरिकेत होती, तिने आमच्यासाठी अर्ज केला होता. बारा वर्षांनी नंबर लागला, तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. इथे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लागलो. 2008 च्या मंदीत तो बंद पडला. सहा महिने घरी बसलो. मग गावातल्या बंदुकीच्या दुकानाच्या काचेवर 'लेथ चालवता येणारा माणूस हवा' अशी पाटी दिसली आणि आत शिरलो. मालक सत्तरीचा होता. त्याने माझ्यापुढे एक मोडकी फायरिंग पिन टाकली आणि म्हणाला, "अशी एक करून दाखव." मी तासाभरात करून दिली. त्याने ती मायक्रोमीटरने मोजली, माझं नाव दोनदा चुकीचं उच्चारलं आणि सोमवारपासून यायला सांगितलं.

बंदूक मी पाहिली नव्हती असं नाही. आमच्या थोरल्या काकांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं आणि वानरं यांच्यासाठी. वर्षातून फारतर दोन बार. निवडणुकीची आचारसंहिता लागली की काका ती गोणपाटात गुंडाळून एसटीने राजापूरला नेत आणि पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेऊन येत. ती पावती देव्हाऱ्यामागे असे. बंदूक म्हणजे परवाना, पावती, ठाणं, ही माझी कल्पना. इथे लोक ती स्वयंपाकघरातून उचलून, जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर टाकून आणत. पहिल्या आठवड्यात प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा येई.

या बंदुका आल्या कुठून ते सांगायला हवं. शिकागोच्या सिअर्सचा कॅटलॉग म्हणजे शेतावर राहणाऱ्या अमेरिकन माणसाचा बाजार. जवळचं शहर दूर, रस्ते चिखलाचे, पण टपाल यायचं. त्या कॅटलॉगमध्ये नांगर, शिवणयंत्र, कॉर्सेट, औषधं, व्हायोलिन सगळं असे. 1908 पासून 1940 पर्यंत तर सिअर्सने अख्खी घरं विकली: लाकूड, खिळे, नकाशा सगळं रेल्वेने यायचं, उभारायचं तुम्ही. जुना कॅटलॉग संडासात जायचा, वाचायलाही आणि कागद म्हणूनही. अशा दुकानात बंदूक न मिळती तरच नवल. शिकागोचीच माँटगोमेरी वॉर्ड ही कंपनी सिअर्सच्याही आधीची, 1872 ची. तिच्या बंदुकांवर 'वेस्टर्न फील्ड' असं नाव असे. मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या वेस्टर्न ऑटोचं 'रेव्हलेशन', गॅम्बल्सचं 'हायवाथा', जे. सी. पेनी स्वतःच्याच नावावर. हल्ली मॉलमध्ये त्यांच्याच नावाच्या पिशवीत तूरडाळ मिळते ना, तसाच हा प्रकार. डाळ कुठल्या गिरणीतली ते पिशवीवर नसतं. दुकान एकगठ्ठा माल उचलणार म्हणून गिरणीवाला भाव पाडून देतो आणि स्वतःचं नाव झाकून घेतो.

सिअर्सच्या बंदुकांवर आधी 'रेंजर' असे, मग 'जे. सी. हिगिन्स'. हा हिगिन्स कोण, असं मी मालकाला विचारलं. मला वाटलं कुणी मोठा शिकारी असणार. निघाला हिशेबनीस! जॉन हिगिन्स 1898 मध्ये सिअर्सच्या मुख्य कचेरीत हिशेबनिसांचा प्रमुख म्हणून लागला. 1908 मध्ये खेळाच्या सामानाला नाव हवं होतं, कुणीतरी त्याचं सुचवलं आणि त्याने हो म्हटलं. त्याला मधलं नाव नव्हतं, म्हणून 'सी' कंपनीने पदरचं घातलं. मग अर्धं शतक सायकली, बेसबॉलचे हातमोजे आणि बंदुका यांच्यावर त्या खातेवह्या सांभाळणाऱ्या माणसाचं नाव फिरत राहिलं. मला हा किस्सा फार आवडतो. पुढे साठच्या दशकात त्याच्या जागी टेड विल्यम्स आला. हा बेसबॉलमधला खरोखरचा बडा खेळाडू. 1960 मध्ये निवृत्त झाला आणि सिअर्सने त्याचं नाव गळांपासून तंबूंपर्यंत सगळ्यावर घातलं. टेड विल्यम्स मॉडेल 200 ही पंपची बंदूक उघडा, आत विंचेस्टर 1200 निघते. मॉडेल 100 म्हणजे विंचेस्टरची प्रसिद्ध 94. लाकूड थोडं साधं, नक्षी कमी, पण पोलाद तेच.

माझं काम यातूनच सुरू होई. गिऱ्हाईक येई, स्प्रिंग तुटलेली, एक्स्ट्रॅक्टर झिजलेला. "सिअर्सकडे हा भाग मिळेल का?" हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला. सिअर्सने बंदुका विकणं कधीच सोडलं होतं. 2018 मध्ये तिचं दिवाळंही निघालं. वॉर्डची दुकानं 2001 मध्ये बंद झाली. बरं, कारखान्याकडे जावं तर हाय स्टँडर्डही 1984 मध्ये मिटला. म्हणून आधी आकड्यावरून बनवणारा शोधायचा, मग त्या कारखान्याचं जुळणारं मॉडेल, मग न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूमरिक कंपनीची यादी उघडायची. ही कंपनी जुन्या बंदुका मोडून त्यांचे भाग विकते. दुकानाच्या नावावरून मूळ मॉडेल सांगणारा तिचा तक्ता आमच्याकडे भिंतीवर होता, तेलाच्या बोटांनी काळा झालेला. तिथेही भाग मिळाला नाही तर मी होतोच, लेथ होतं, कानस होती. खरं सांगायचं तर न मिळालं की मला आतून आनंद होई. पिंपरीत मी ज्या टॉलरन्समध्ये काम केलं होतं, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, त्याची या बंदुकांना गरजच नव्हती. त्या ढिल्या होत्या, चिखलात पडून चालतील अशा. पण मी तशीच घट्ट पिन करायचो आणि मालक म्हणायचा, "तू घड्याळ दुरुस्त करत नाहीयेस."

बंदूक टेबलावर आली की पहिलं काम एकच: नळी भिंतीकडे, बोल्ट मागे, चेंबरमध्ये करंगळी. गिऱ्हाईक म्हणतं रिकामी आहे. तो खोटं बोलत नसतो, त्याला तसं वाटत असतं. पॉइंट टू-टूच्या एका वेस्टर्न फील्डमध्ये, नळीखालच्या लांब नळकांड्यात, एक काडतूस गंजलेल्या स्प्रिंगमागे अडकून बसलेलं होतं. ती बंदूक तीस वर्षं पलंगाखाली होती आणि त्या पलंगावर नातवंडं झोपत. ते काडतूस मी बाहेर काढलं तेव्हा तो गृहस्थ खुर्चीवर बसला आणि बराच वेळ बोलला नाही.

दुसरा एक तरुण घाबराघुबरा आला. आजोबांच्या बंदुकीवर नंबरच नाही. नंबर घासून काढणं हा मोठा गुन्हा, तेव्हा आजोबांनी काय केलं होतं? आजोबांनी काही केलं नव्हतं. 1968 पूर्वी असल्या स्वस्त बंदुकांवर नंबर घालण्याची सक्तीच नव्हती, त्यामुळे कारखाने तो घालत नसत. दुकानाच्या नोंदवहीत आम्ही नंबराच्या रकान्यात 'नंबर नाही' असंच लिहायचो. घासलेल्या जागी पोलाद खोलगट आणि उजळ दिसतं, न घातलेल्या जागी सगळीकडे सारखा काळसर निळा मुलामा असतो. भिंगाखाली ते त्याला दाखवलं. आजोबांची अब्रू वाचली म्हणून तो डोनट घेऊन आला.

ही सक्ती आणणारा 1968 चा कायदा का आला, हे इथल्या जुन्या लोकांसमोर काढलं की वाद होतात, पण मी माझं मत लपवत नाही. मार्च 1963 मध्ये एका माणसाने खोट्या नावाने शिकागोच्या क्लाइन्स या दुकानाला मासिकातलं कूपन भरून पाठवलं आणि टपालाने एक इटालियन रायफल मागवली. जाहिरातीत दुर्बिणीसकट तिची किंमत होती 19 डॉलर 95 सेंट. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॅलसमध्ये केनेडी मारले गेले ते त्या रायफलीने. पाच वर्षांनी, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्याही हत्या झाल्यावर, टपालाने थेट घरी बंदूक येणं बंद झालं. माझ्या टेबलावर येणाऱ्या कितीतरी हिगिन्स त्याआधीच्या काळातल्या. पोस्टमनने चारा-दाण्याच्या बिलांबरोबर दारात आणून टाकलेल्या. ते दिवस भोळे होते असं सांगणाऱ्यांना मी म्हणतो, कूपन भोळं होतं. मालकाला हे पटत नसे. वाद झाला की त्या दिवशी आम्ही दोघं वेगवेगळ्या टेबलांवर जेवायचो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा आमचा हंगाम. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचे नऊ दिवस सुरू होतात आणि सगळं राज्य भडक नारिंगी कपड्यांत रानात जातं. 2016 पासून भडक गुलाबीही चालतो, पण गुलाबी घातलेला पुरुष मी अजून पाहिलेला नाही. शिकारीच्या आधीच्या पंधरवड्यात दुकानात हॉपीज नंबर नाईन या सफाईच्या द्रावणाचा वास इतका भरे की बायको मला मागच्या दाराने घरात घेई. पिकलेलं केळं मशीनच्या तेलात कुस्करलं तर जसा वास येईल तसा तो. मला आता तो आवडतो.

हंगाम संपला की डिसेंबरात दुसऱ्या प्रकारचे लोक येत. वडील वारले, घर आवरलं, ही सापडली. काय येईल हिचं? या कामाची मला कधी सवय झाली नाही. बारा बोरची हिगिन्स मॉडेल 20, हाय स्टँडर्डने केलेली, अस्सल भरभक्कम पंप. दीडशे डॉलर, फार तर दोनशे. शेजारीच विंचेस्टरचं नाव असलेली तिच्याच वयाची बंदूक तिप्पट भावाने उभी. लोक ऐकून घेतात आणि म्हणतात, "पण ती फार जुनी आहे." जुनी आहे खरी. पण संग्राहकाला नाव हवं असतं, आणि दुकानाचं नाव म्हणजे त्याच्या लेखी नाव नव्हेच. कोनेटिकटमधल्या क्रेसेंट कारखान्याने शंभराहून अधिक दुकानांसाठी वेगवेगळ्या नावांनी दुनळ्या केल्या; त्यातल्या बहुतेक आज खोलीतल्या शेकोटीवर टांगलेल्या असतात. काहींच्या नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या, दिसायला रेशमी पैठणीच्या काठासारख्या सुंदर, पण आजचं काडतूस घातलं तर फुटण्याची भीती. अशा वेळी किंमत सांगण्याआधी 'ही कधीही उडवू नका' हे मी लिहून देत असे, तोंडी नव्हे.

इथूनच माझा संग्रह सुरू झाला. संग्रह हा शब्द मोठा आहे. आज माझ्याकडे सतरा आहेत. पन्नास वर्षांहून जुन्या बंदुका गोळा करणाऱ्यांसाठी इथे वेगळा परवाना असतो, तीन वर्षांना तीस डॉलर. त्याबरोबर एक बांधीव वही ठेवावी लागते: डाव्या बाजूला कुणाकडून, कधी, कोणती आली, उजव्या बाजूला कुणाला गेली. मी ठरवलं, विंचेस्टर घ्यायची नाही. फक्त दुकानाच्या नावाच्या. लोक हसत. माझं म्हणणं असं की विंचेस्टर विकत घेणाऱ्याने नाव विकत घेतलं, आणि हिगिन्स घेणाऱ्याने बंदूक घेतली. दूध विकून पैसे साठवून, कॅटलॉगमधल्या तीन ओळी चारदा वाचून. अशा माणसाच्या वस्तू जपून ठेवणारं फारसं कुणी नसतं. माझ्या सतरांपैकी एकीच्या दस्त्याला तारेने शिवलेली भेग आहे, एकीचा चाप बहुधा लोहाराने घडवलेला आहे. घरात काडतूस मी एकही ठेवत नाही. सगळ्या लोखंडी कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात.

आणि त्यातल्या एका बंदुकीबद्दल मला कबुली द्यायची आहे.

गावाबाहेर एका म्हाताऱ्या बाईने घरातलं सामान अंगणात विकायला मांडलं होतं. इस्त्र्या, बरण्या, बर्फातले बूट, आणि टेबलाला टेकवलेली एक रायफल. जे. सी. हिगिन्स, मॉडेल 50. मी बोल्ट मागे ओढला आणि मला कळलं. बोल्टच्या अंगावरून जाणारी लांब पट्टी, ती मॉझर पद्धतीच्या यंत्राची खूण. बेल्जियममधल्या एफएन कारखान्याचं हे यंत्र, त्यावर हाय स्टँडर्डने बसवलेली, आतून क्रोमचा थर दिलेली नळी. असंच यंत्र असलेली ब्राउनिंगच्या नावाची रायफल कितीतरी महाग जाते. बोल्ट असा सरकतो की जणू तेलात बोट फिरवावं. बाईंनी विचारलं, "किती द्याल? सिअर्सचीच आहे ती." मी म्हणालो, एकशेवीस. पाचशेच्या खाली ती नव्हती आणि ते मला ठाऊक होतं. दुकानात बसून मी दिवसभर लोकांना खरा भाव सांगायचो, कारण तिथे टेबल मालकाचं होतं. इथे टेबल कुणाचंच नव्हतं. त्यांनी पैसे एप्रनच्या खिशात घातले. मी वहीत नोंद केली, तारीख, नाव, पत्ता, अक्षर नेहमीपेक्षा सुवाच्य.

तीन महिने मी ती कपाटातून बाहेर काढली नाही. शेवटी एका रविवारी तीनशेऐंशी डॉलर पाकिटात घालून गेलो. वाटेत मनात बरंच भाषण तयार केलं होतं. बाईंनी ते मध्येच थांबवलं, पैसे दोनदा मोजले आणि म्हणाल्या, "उशीर केलात." मग आत जाऊन घरातल्या बायबलमधून घडी घातलेला एक कागद घेऊन आल्या. नवऱ्याने कॅटलॉगमधून कापून ठेवलेलं पान होतं ते, त्याच रायफलीच्या चित्राचं, कडेला पेन्सिलीने हप्त्यांची बेरीज. "याने किंमत वाढते का?" त्यांनी विचारलं. वाढते, हे मला ठाऊक होतं. आणखी वीस डॉलर दिले. निघताना त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी बसत नाही म्हणून दाखवली, ती मी कानस लावून नीट करून दिली. त्याचे पैसे त्यांनी दिले नाहीत, मीही मागितले नाहीत.

एकदा दुकानात एक दुनळी आली, इंग्लंडहून कुणाच्या पणजोबाने आणलेली. मधल्या पट्टीवर कोरलं होतं: 'आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल.' मालक म्हणाला, हेही दुकानच, लंडनचं. मी त्याला म्हणालो, थांब, हे मला ठाऊक आहे. मुंबईत काळा घोड्याला, डेव्हिड ससून वाचनालयाच्या ओळीत, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे. जहांगीरला चित्रं बघायला जाताना मी तिच्यासमोरून कितीदा गेलोय. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी 1871 मध्ये काढलेली ती सहकारी सोसायटी. सी. एस. एल. म्हणजे तेच: को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. 1891 मध्ये तिची मुंबईची शाखा निघाली आणि तिथे साहेब लोक बिस्किटांपासून बंदुकांपर्यंत सगळं घेत. बंदुका बनायच्या इतरांकडे, बर्मिंगहॅमसारख्या ठिकाणी, नाव सोसायटीचं. म्हणजे हिगिन्सच, फक्त गिऱ्हाईक शेतकरी नव्हे तर साहेब. त्या दिवशी मालकाने पहिल्यांदा मला मुंबईबद्दल प्रश्न विचारले. मी त्याला काकांची ठासणीची बंदूक आणि एसटीचा प्रवासही सांगितला. बंदूक घेऊन बसमध्ये बसू देतात, हे ऐकून त्याला माझ्यापेक्षा जास्त धक्का बसला.

मालक गेला त्याला चार वर्षं झाली. दुकान त्याच्या मुलाने विकलं. भिंतीवरचा तो काळा तक्ता मी मागून घेतला.

माझी मुलगी सिअॅटलला असते. तिने स्पष्ट सांगितलंय: बाबा, यातली एकही माझ्या घरात येणार नाही. तिची दोन लहान मुलं आहेत, तिचं बरोबर आहे. म्हणून येत्या वसंतात त्या सगळ्या परवानाधारक लिलाववाल्याकडे जातील आणि वहीची उजवी बाजू भरेल. सध्या रोज रात्री मी एकेकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतोय, कारण लिलावात उभ्या राहणाऱ्या पोराला 583 म्हणजे काय हे सांगायला कुणी नसणार. मॉडेल 50 ची चिठ्ठी काल झाली: विक्रेता सिअर्स, यंत्र एफएन, बेल्जियम, नळी हाय स्टँडर्ड, कॅटलॉगचं पान सोबत, अपेक्षित किंमत पाचशेच्या वर, चेंबर रिकामं, दोनदा तपासलं.